क्वीनीची सतरा मिनिटं

क्लेम नँकिव्हेलच्या हातात पाव नसला की त्याला बाईमाणसाशी काय बोलावं ते सुचत नसे. पाव असला की प्रश्न मिटला. "आज जरा जास्तच भाजलाय, पण तुम्हाला तसाच आवडतो ना?" एवढ्या भांडवलावर त्याने ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोच्या गल्ल्यांतून सत्तावीस वर्षं ओट्सच्या बेकरीची गाडी फिरवली. निम्म्या गावाची बारशी, लग्नं आणि मयतं त्याने पावाच्या टोपलीआडून पाहिली आणि शेहेचाळिसाव्या वर्षी गडी होता तसाच ब्रह्मचारी राहिला. पाय सपाट म्हणून लष्कराने त्याला घेतलं नाही. रोज चौदा मैल चालणारा माणूस लष्कराला चालायला नालायक कसा वाटला, याचा अचंबा त्याला शेवटपर्यंत पुरला.

त्याच्या घोडीचं नाव क्वीनी. करड्या रंगाची, रुंद पाठीची आणि स्वतःच्या मताची. पाववाल्याच्या घोडीला लगाम असतो तो नावापुरता. क्लेम टोपली घेऊन उतरायचा, चार घरं पायी करायचा, आणि तोवर क्वीनी आपली आपण पुढे जाऊन ठरलेल्या फाटकापाशी उभी राहायची. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, सगळं तिला पाठ. एखादी बाई गप्पिष्ट असली तर क्वीनी तेवढा वेळ जास्त द्यायची. वेळ संपली की क्लेम असो वा नसो, घोडी निघाली. क्लेमला कितीदा तरी टोपली सावरत तिच्यामागे पळावं लागलं होतं.

मग युद्ध आलं. बेचाळीस साली डार्विनवर बाँब पडले आणि सरकारने पावाचे झोन पाडले. माणसं सैन्यात हवी होती, पेट्रोल मिळेना, आणि एकेका गल्लीत चार बेकऱ्यांच्या गाड्या फिरत होत्या. तेव्हा एका गल्लीला एकच बेकरी, दुसरीने तिथे पाऊल टाकायचं नाही. कुणीही कुरकुर केली नाही. फक्त नेटल स्ट्रीटची गंमत अशी झाली की झोनची रेघ नेमकी रस्त्याच्या मधून गेली. विषम नंबरांची घरं ओट्सची, सम नंबरांची समोरच्या बेकरीची. ओट्सने तो हुकूम बेकरीच्या दाराला चिकटवला. क्वीनीला तो कुणी वाचून दाखवला नाही.

क्वीनी चौदा नंबरपाशी थांबतच राहिली. तिथली म्हातारी मिसेस ट्रेंबाथ पूर्वी ओट्सचं गिऱ्हाईक होती. क्लेम घोडीच्या विनवण्या करून तिला पुढे काढायचा. म्हातारी वारली, घर रिकामं पडलं, तरी घोडीने सवय मोडली नाही. आणि चव्वेचाळीस साली एका सकाळी क्वीनी थांबली, क्लेम तिच्या कानात "चल गं बाई, तुरुंगात घालशील मला" असं म्हणत होता, तेवढ्यात त्या रिकाम्या घराचं दार उघडून एक बाई पदराला हात... नव्हे, एप्रनला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "पाववाले ना तुम्ही? एक द्या."

ती मिसेस थर्झा रॉडा. क्लेमने पाव दिला. काय करणार? हातात होताच.

त्या दिवसापासून रोज तिच्यासाठी एक पाव रस्ता ओलांडू लागला. समोरच्या बेकरीचा कायदेशीर पाव थर्झाला मिळतच होता. तो तिच्या कोंबड्या खायच्या. क्लेम फाटकाच्या बाहेर उभा, ती आत. एक कप चहा, तिने केलेल्या केशरी केकचा तुकडा, तोही केशर मिळालं तर. बोलणं कोंबड्यांचं, तुंबलेल्या गटाराचं, बिहीच्या झाडाला लागलेल्या किडीचं. फाटक त्याने कधी उघडलं नाही. थर्झाचा नवरा जॅक सैन्यातून रबाउलच्या लढाईवर गेला होता आणि बेचाळीसपासून बेपत्ता होता. अशा बाईच्या फाटकाला माणसाने हात लावू नये, एवढं क्लेमला कळत होतं. पंचेचाळीसच्या शेवटी तार आली: जॅक गेला असं धरून चालावं. त्या आठवड्यात क्लेमने पावासोबत एक बनपाव ठेवला आणि काहीच बोलला नाही. पुढेही बोलला नाही. युद्ध जगात संपलं होतं. चौदा नंबरमध्ये संपलं की नाही, हे विचारायचं कसं?

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत मेलबर्नहून मिस्टर पिंब्लेट नावाचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी तीन सकाळी कुंपणाआडून पाहिलं, वहीत लिहिलं आणि क्लेमला समन्स धाडलं. राष्ट्राच्या संरक्षणासाठी केलेल्या हुकुमाचा भंग. गुन्हा शाबीत झाला तर ओट्सला क्लेमला गाडीवरून उतरवावं लागणार होतं. गाडी गेली की पाव गेला, आणि पाव गेला की क्लेमला चौदा नंबरपाशी उभं राहायला कारणच उरणार नव्हतं. त्याला दंडाची भीती नव्हती. भीती होती ती ह्याची.

वकील म्हणून कॉन हॅनिगन भेटला. न्यू गिनीच्या चिखलातून नुकताच परतलेला, आणि तंबूत वेळ जाईना म्हणून राज्यघटनेवरचं जाडजूड पुस्तक दोनदा वाचून काढलेला. तो बेकरीत येऊन पिठाच्या पोत्यावर बसला.

"दोन बचाव आहेत," बनपाव खात तो म्हणाला. "एक घोडीचा, एक राज्यघटनेचा."

"घोडीचा काय?" क्लेमने विचारलं.

"की तू थांबवत नाहीस, घोडी थांबते. आणि घोडीवर खटला चालत नाही."

"आणि दुसरा?" मालक ओट्सने विचारलं.

"दुसरा हा, की युद्ध संपलं."

"अरे, ते संपलंयच की!"

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं म्हणजे? मी टाउन हॉलसमोर नाचलोय! बायकोचा एक बूट हरवला त्या गर्दीत, अजून सापडला नाही!"

"बूट पुरावा म्हणून चालत नाही, मिस्टर ओट्स. तहावर सह्या व्हायच्यात. कागदोपत्री आपण आजही जर्मनीशी लढतोय."

ओट्सने हातातली कणीक खाली ठेवली. "आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही," तो म्हणाला.

क्लेमला घोडीचा बचाव पसंत पडला. त्यात त्याला काहीच कबूल करायचं नव्हतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी पॉल मॉल रस्त्यावरच्या कोर्टात एवढी गर्दी झाली की शिपायाला खिडक्या उघडाव्या लागल्या. नेटल स्ट्रीटच्या दोन्ही बाजू आल्या होत्या आणि झोनप्रमाणेच समोरासमोर बसल्या होत्या. थर्झा शेवटच्या बाकावर. मॅजिस्ट्रेट मिस्टर अ‍ॅबरनेथी म्हणजे काठीसारखा ताठ म्हातारा. प्रत्येक शब्द स्वतः लिहून घ्यायचा आणि लिहिताना जीभ बाहेर काढायचा.

पिंब्लेट स्वतःच उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. राज्यघटनेने देशाच्या संरक्षणाचा अधिकार सरकारला दिलाय. त्या अधिकारात झोन पडले. ते अजून उठवलेले नाहीत. "युद्ध संपलं की नाही हे सरकारने ठरवायचं असतं, साहेब. पाववाल्याने नव्हे."

हॅनिगन उठला. "साहेब, हा अधिकार कणकेसारखा आहे. उबेत ठेवली की फुगते. युद्धाच्या उबेत तो एवढा फुगला की त्याने माणसांचे कोट आखूड केले, केकवरची साखर काढून घेतली, आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, कारण शत्रू दारात होता. पण ऊब गेली की कणीक खाली बसते. आज शत्रू कुठाय? नेटल स्ट्रीटच्या सम बाजूला?"

सम बाजूने हरकत घेतली. शिपायाने गप्प केलं.

"कणीक बसल्यावर परात घासायला बेकऱ्याला थोडा वेळ द्याल की नाही?" मॅजिस्ट्रेटने विचारलं.

"द्यावाच लागेल, साहेब."

"मग आवराआवरीला सरकारलाही द्यावा लागेल. किती, एवढाच प्रश्न आहे." त्यांनी ते लिहून घेतलं, जीभ आत घेतली आणि क्लेमकडे पाहिलं. "तुमचं म्हणणं, घोडी आपोआप थांबते?"

"घोडीनेच सुरू केलं, साहेब," क्लेम म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं.

"मग घोडीलाच पाहू," मॅजिस्ट्रेट टोपी घेत म्हणाले. हॅनिगनने विजयाने क्लेमच्या पाठीत धपका घातला. बेंडिगोतल्या कुठल्याही माणसाने त्याला थांबवलं असतं. पण हॅनिगनच्या घरी पाव दुकानातून यायचा; पाववाल्याच्या घोडीला काय काय पाठ असतं, ते त्याच्या गावीही नव्हतं. क्लेमला ते क्षणात आठवलं, आणि तो पांढराफटक पडला.

मग ती मिरवणूक निघाली. गाडीवर लगाम धरून पिंब्लेट, शेजारी खिशातलं घड्याळ उघडून मॅजिस्ट्रेट, मागे तोंड उघडायचं नाही अशी ताकीद मिळालेला क्लेम, त्याच्यामागे कारकून, वकील आणि अख्खं नेटल स्ट्रीट. क्वीनीने मागे वळून एकदा पिंब्लेटकडे पाहिलं, नाकातून हवा सोडली आणि चालू लागली.

तीन नंबरला थांबली. अर्धं मिनिट. निघाली. सातला थांबली. निघाली. मग तिने सरळ रस्ता ओलांडला आणि सम बाजूच्या आठ नंबरापुढे, मिसेस ग्लॅडविनच्या खानावळीशी उभी राहिली. इन्स्पेक्टरसाहेब त्याच खानावळीत उतरले होते.

मिसेस ग्लॅडविनला चुलीपुढून उठायला वेळ नव्हता म्हणून ती कोर्टात आली नव्हती. ती मान खाली घालून, कपाळावरचा घाम पुसत बाहेर आली. "आज उशीर केलास रे क्लेम मेल्या! तीन दे. आणि एक त्या मेलबर्नवाल्यासाठी जास्तीचा, रोज टोस्टची तारीफ करतो बिचारा, त्याला कुठे ठाऊक..." मग तिने वर पाहिलं.

"गुड मॉर्निंग, मिसेस ग्लॅडविन," पिंब्लेट क्षीण आवाजात म्हणाले.

मॅजिस्ट्रेटने हातरुमाल काढून बराच वेळ नाक शिंकरलं. त्यांचे खांदे हलत होते. क्वीनीची वेळ संपली होती, ती निघाली.

चौदा नंबर आला. घोडी थांबली. "बघा!" हॅनिगन ओरडला. "आपोआप!"

"एकेचाळीस सेकंद," मॅजिस्ट्रेट घड्याळात पाहत म्हणाले. एक मिनिट झालं. दोन झाली. क्वीनीने मान खाली सोडली. मग मागचा डावा पाय दुमडून खुराच्या टोकावर टेकवला, खालचा ओठ लोंबू दिला आणि डोळे मिटले.

"हिला काय झालं?" पिंब्लेटने लगाम हलवला. क्वीनीने एक कान हलवला, झालं.

पाच मिनिटं झाली. सात झाली. गर्दीत पहिल्यांदा विषम बाजूच्या कुणीतरी फिसकन केलं. मग सम बाजूने. नेटल स्ट्रीटला सगळा हिशोब लागला होता. घोडी तेवढीच थांबते जेवढा वेळ पाववाला थांबतो. क्लेमला वाटलं, रस्त्याने आपल्याला पोटात घ्यावं. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली तर मागून कुणी म्हणालं, "अरे, चेहरा बघू दे की नवरदेवाचा!"

दहा मिनिटं. कारकून फुटपाथवर बसला. थर्झा आपल्याच फाटकापाशी, लोकांमध्ये, गालांवर दोन लाल ठिपके घेऊन उभी होती, पण तिने मान खाली घातली नाही. सतराव्या मिनिटाला क्वीनीने डोळे उघडले, पाय सरळ केला आणि पंधरा नंबरकडे चालायला लागली.

"सतरा मिनिटं," मॅजिस्ट्रेट म्हणाले आणि घड्याळ मिटलं. "एवढ्या वेळात मी माणसाला सहा महिन्यांची शिक्षा देतो."

कोर्टात परतल्यावर त्यांनी क्लेमला शपथेची आठवण करून दिली. "घोडी थांबते की तुम्ही?"

हॅनिगन डोळ्यांनी खुणावत होता: घोडी म्हण, घोडी. क्लेमने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. घोडी म्हटलं तर सुटका होती. पण मग थर्झाने ऐकलं असतं की तीन वर्षं तिच्या दारात जे उभं राहिलं ते जनावर होतं.

"आधी घोडी थांबायची, साहेब," तो म्हणाला. हातांत पाव नव्हता म्हणून त्याने कठड्याचं लाकूड धरलं. "मग मी. आता ती माझ्यामुळे थांबते."

हॅनिगनने कपाळावर हात मारून घेतला. घोडीचा बचाव गेला, उरली राज्यघटना. त्याने मिसेस रॉडाला साक्षीला बोलावलं. तिने पाव घेतल्याचं कबूल केलं, कोंबड्यांचंही कबूल केलं. मग टोस्टच्या अपमानाने पेटलेले पिंब्लेट उलटतपासणीला उभे राहिले.

"मिसेस रॉडा, युद्धकाळचा हुकूम तुम्ही रोज मोडलात. का?"

"युद्ध संपलं म्हणून."

"असं? कॅनबेरातल्या मोठमोठ्या कायदेपंडितांना अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला तारीख माहीत असेल?"

"आहे की," थर्झा म्हणाली.

मॅजिस्ट्रेटने पेन उचललं. "सांगा."

"गेल्या जुलैतला गुरुवार. अठरा तारीख. भर हिवाळा, पाणी गोठलं होतं." तिचा आवाज जराही हलला नाही. "जॅक गेला तेव्हापासून मी रोज सकाळी टेबलावर दोन कप मांडायचे. तार आली तरी मांडायचे. तार चुकते कधीकधी. त्या गुरुवारी मी दुसरा कप मांडला, त्याचा कान घासून साफ केला, आणि माझ्या ध्यानात आलं की हा जॅकसाठी नाही. बाहेर गाडीचा आवाज आला होता. कप मिस्टर नँकिव्हेलसाठी होता. त्या दिवशी संपलं. मी नंतर परसात जाऊन रडले, मग कोंबड्यांना पाव घातला."

पिंब्लेटने वही मिटली. तोही माणूसच होता. त्याचा भाऊ जपान्यांच्या कैदेत बर्माची रेल्वे बांधताना मेला होता, हे नंतर कळलं.

मॅजिस्ट्रेटने बराच वेळ लिहिलं. "संरक्षणाच्या नावाने केलेला प्रत्येक हुकूम संरक्षणाचाच असतो असं नाही," ते शेवटी म्हणाले. "सरकारने 'आहे' म्हटलं तरी, तो आहे की नाही हे न्यायालयाने पाहायचं असतं. बेचाळीस साली मी ह्या हुकुमाबद्दल एक शब्द विचारला नसता. आवराआवरीला वेळ लागतो, हेही मान्य. पण तोफा बंद होऊन दीड वर्ष झालं. ह्या घोडीला चौदा नंबरपुढे हटकून देशाचं कुठल्या शत्रूपासून रक्षण होतं, ते मला सकाळपासून कुणी सांगितलं नाही. वरच्या न्यायालयाला माझं चुकलं वाटलं तर त्यांनी खुशाल येऊन तिच्यासोबत सतरा मिनिटं उभं राहावं. आज युद्धाची तारीख विचारली तर एकाच साक्षीदाराने ती दिली, आणि ती मी मानतो. आरोपी निर्दोष."

पुढचा गोंधळ बेंडिगो अजून विसरलेलं नाही. विषम बाजू आणि सम बाजू एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ओट्सने हॅनिगनला उचललं. ह्या सगळ्यात क्लेम थर्झाशी एक अक्षर बोलला नाही. कसा बोलणार? हात रिकामे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वीनी चौदा नंबरपाशी थांबली. आता थांबणं गुन्हा नव्हता. क्लेमने टोपलीतून पाव काढला, फाटकापर्यंत गेला. मग परत फिरला आणि पाव टोपलीत ठेवला. रिकाम्या हाताने त्याने फाटकाची कडी काढली. ती तीन वर्षांत गंजली होती, जोर लावावा लागला. दारात थर्झा उभी.

"मिसेस रॉडा," तो म्हणाला, "आज पाव आणला नाही."

"दिसतंय मला," थर्झा म्हणाली. "आत ये, क्लेम. चहा निवतोय."

क्वीनीने पाय दुमडला, डोळे मिटले, आणि सतरा मिनिटांनी उघडले. फाटकाकडे पाहिलं. कुणी आलं नाही. मग ती आपल्या वेळेवर निघाली. पंधराला थांबली, एकोणीसला थांबली. बायका बाहेर आल्या, गाडीत डोकावल्या, एकमेकींकडे पाहिलं आणि आपापला पाव आपणच काढून घेतला. अकरा वाजता ती रिकामी गाडी घेऊन बेकरीच्या अंगणात शिरली आणि पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली.

ओट्स पिठाच्या हातांनी बाहेर आला. गाडीवर क्लेमची टोपी होती, क्लेम नव्हता. त्याने घोडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि दारातून आत ओरडला, "अगं ए, ऐकलंस का? युद्ध संपलं! नाचावं लागणार. ह्या वेळी बूट घट्ट बांध."